रुपयाची घट

नाना,

आज परत तुमच्या नावे रक्कम टाकली. एकसष्ट रुपये. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तुमची पेढी गेली, तुम्ही हौसेनं चढवलेला तो वरचा मजला गळायला लागला, पण माझ्या चोपडीत तुमचं खातं अजून चालू आहे आणि तेव्हापासून त्यात जमेच्या बाजूला एक पैसा नाही. सगळं नावे, तुमच्याकडून येणं. आता दुपार आहे, मिरची वाळवायच्या पथारीवरच्या बाया भाकरी खायला सावलीत गेल्यात, आणि मी शाई वाळायच्या आत हा कागद ओढलाय. तुम्ही असतात तर लिहिलं नसतं, तोंडावर बोलले असते. बोलण्यात मी तुमचीच लेक आहे. बाहेर पुन्हा लढाई चालू आहे, साखरेला कार्ड, रॉकेलला रांग, सुटे पैसे बाजारातून गायब, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, रुपयात आता काही राहिलं नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी हेच म्हणाले होते तेव्हा तुम्ही हसलात, आणि तुम्ही हसलात म्हणून सगळी पेढी हसली. ते हसणं मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

आधीपासून सांगते, म्हणजे तुम्हाला मध्ये तोंड घालायला जागा राहायची नाही. तुमचे जावई प्लेगात गेले तेव्हा मी विशीचीही नव्हते. रनाळ्याला सासरी शेती बक्कळ, पण रोकड नाही. सासरे सरळ माणूस. म्हणाले, पोरीच्या वाट्याचं देणं ठेवायचं नाही, पैसा घरात नाही पण मिरची आहे, ती घेऊन जा. चाळीस मण सुकी लाल मिरची चार गाड्यांत भरली आणि शेवटच्या गाडीत पोत्यांवर मी बसले. नंदुरबार येईपर्यंत माझ्या डोळ्यांना धार. रस्त्यातली माणसं हळहळत होती की बघा बिचारी कशी रडते, आणि खरं म्हणजे त्यातलं निम्मं रडणं मिरचीचं होतं. तुम्ही पेढीच्या दारात उभे होतात. मला आत पाठवलंत, आणि पोती स्वतः उभं राहून तोललीत. माल चांगला होता, लांब, पातळ सालीचा, आणि तुम्ही खूश झालात हे मी आतून ऐकलं. मग मला बोलावून म्हणालात, "चाळीस मण, पाचना भाव, दोनशे रुपया तुन्हा नावे जमा. तुन्हं शे. कव्हय बी माग." कधीही मागायचं, म्हणून मी मान डोलावली. मिरची तुमच्या कोठारात गेली आणि माझ्या नावापुढे दोनशे हा आकडा पडला. मला तेव्हा वाटलं, दोन्ही एकच.

तुम्ही चांगले वागलात, हेही लिहिते, नाहीतर म्हणाल पोर खोटं लिहिते. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. भाऊला चोपडीचा कंटाळा, त्याला सौदे करायचे, पान खाऊन सुरतेच्या व्यापाऱ्यांबरोबर फिरायचं. म्हणून तुम्ही मला पेढीच्या मागच्या खोलीत बसवून मोडी शिकवलीत. बोलणं घरी अहिराणीत आणि लिहिणं चोख, ही तुमची शिस्त. आणि त्या दिवाळीला चोपडीपूजनाच्या वेळी तुम्ही नवी लाल चोपडी माझ्यापुढे ठेवून म्हणालात, पहिली ओळ हिनं लिहायची. काकू तर ओरडलीच. पांढऱ्या कपाळाची बाई नव्या वर्षाच्या चोपडीला हात लावणार? तेव्हा तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाही. "अक्षरले कुंकू लागस का?" एवढंच बोललात, आणि काकूचं तोंड बंद. प्रश्न विचारून समोरच्याचं तोंड बंद करायची तुमची खोड मला त्या दिवशी फार आवडली. मी ओळ लिहिली. त्या एका ओळीसाठी मी पुढची आठ वर्षं तुमच्यासाठी बैलासारखी राबले, आणि म्हणूनच पुढचं एवढं लागलं. परक्यानं फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आता घटीचं. पथारीवर ओली मिरची पसरतात, ऊन खाऊन ती वाळते, आणि चार मण ओली घातली की हाताशी येते जेमतेम एक मण. हे मधलं जे उडून जातं त्याला आपल्या बाजारात घट म्हणतात. पहिल्याच हंगामात मी आलेला सगळा ओला माल जसाच्या तसा जमेला धरला आणि खाली बेरीज करून तुम्हाला दाखवली की नाना, बघा, केवढा माल झाला. तुम्ही कागद डोळ्यांशी नेलात. अजून ऐकू येतंय मला. "हाई काय लिखं? वली शे का सुकेल? घट कोठे शे?" मी म्हणाले, उद्या लिहीन. तुम्ही मला हाताला धरून पथारीवर नेलंत, भर उन्हात, आणि ओल्या मिरचीच्या राशीत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसायला लावलेत. म्हणालात, हा माल आज जड लागतो, महिन्यानं हलका होतो, आणि जो आजचं वजन उद्याचं म्हणून लिहितो तो खोटा नफा लिहितो, खोटा नफा खातो आणि खऱ्या भुकेनं मरतो. हात दोन दिवस जळत होते. ताकात बुडवून बसले होते चुलीपाशी, आणि वहिनी म्हणत होती, बरं झालं, शिकायची हौस फिटली. पण मी शिकले. त्यानंतर माझ्या हातून घट लिहायची राहिली असं कधी झालं नाही. तुम्ही ते चारचौघांत कौतुकानं सांगायचात.

मग विलायतेत लढाई लागली आणि महागाई नंदुरबारात आली. कापड महाग, ज्वारी महाग, लोखंड महाग, सुतळीसुद्धा महाग. मिरची पाचाची सात झाली, नऊ झाली, दहा झाली. तुम्ही खुशीत. पाचानं घेऊन ठेवलेली मिरची दहानं विकायची आणि मणामागे पाच रुपये नफा लिहायचा. मी लिहीत होते ना, मलाच सांगायचात, लिही. वर्ष संपलं तेव्हा नफ्याचा आकडा असा होता की भाऊनं दोन वेळा वाचून घेतला. त्याच नफ्यावर वरचा मजला चढला, त्याच नफ्यावर भाऊच्या मेहुण्याच्या लग्नात तुम्ही गावजेवण घातलंत, त्याच नफ्यावर ती नवी दमणी आली, रंगीत छताची, दोन पांढरे बैल जुंपलेली. आणि मी रोज बघत होते की दहानं विकलेली मिरची कोठारात परत भरायची तर अकरा पडतात. म्हणजे हातात दहा आणि रिकामी झालेली जागा अकराची. यात नफा कुठे आहे? हा तर मणामागे रुपयाचा तोटा! मी तुम्हाला म्हणाले, नाना, या नफ्याला घट धरा, रुपया वाळतोय. तुम्ही म्हणालात, डोकं दुखतंय तुझं, जाऊन झोप. कोठारात दरवर्षी पोती कमी होत होती आणि चोपडीत दरवर्षी नफा वाढत होता. मोतीबिंदू डोळ्यांत होता, पोत्यांना हात लावून तरी कळलं असतं ना?

घरातही माझं निभेना. वहिनी भाकऱ्या थापताना मोजायची, मोठ्यानं, मला ऐकू जाईल अशी, आणि माझ्यापाशी आली की आकडा जरा ओढून म्हणायची. मी ठरवलं, आपली चूल वेगळी करायची. स्टेशनाच्या पलीकडे एक पडीक तुकडा होता, शेजारी एक खोली, भाड्यानं मिळत होता. जागा सपाट, ऊन दिवसभर. तिथे स्वतःची पथारी घालायची, माझ्या चाळीस मणांच्या भांडवलावर पहिला हंगाम काढायचा, आणि कुणाच्या हातची मोजलेली भाकरी खायची नाही. बाई माणूस पथारी घालणार म्हणून लोक नावं ठेवतील हे माहीत होतं. ठेवू देत. मला त्या जागेची स्वप्नं पडायची, खोटं कशाला सांगू.

तो दिवस तर मी घडी न मोडता ठेवलाय. सकाळची वेळ. पेढीवर तुम्ही तक्क्याला टेकून बसलाय, समोर भाऊ, दलाल, सुरतेचे दोन व्यापारी. मी दाराशी उभी राहून म्हणते, नाना, माझं मला द्या, मी वेगळी पथारी घालते. तुमचा चेहरा उतरत नाही की चढत नाही. तुम्ही भाऊला खूण करता. तो गल्ल्यातून दोनशे रुपये काढून माझ्यापुढे रचतो, "ताई, मोजी ले." मी मोजत नाही. मी विचारते, आणि आठ वर्षांचं व्याज? तुम्ही म्हणता, "याज तू खाई लिधं. इतलं वरीस जेवनी नही का?" दलाल खाली बघतो. मी आठ वर्षं ज्या पेढीची चोपडी लिहिली, जिथे मुनीम ठेवला असता तर पगार द्यावा लागला असता, तिथे मी व्याज खाल्लं! बरं, जाऊ द्या व्याज. मी म्हणते, नाना, मी मिरची दिली होती. चाळीस मण. आज या दोनशेत सोळा मण येते, साडेबाराचा भाव आहे, तुम्हीच काल मला लिहायला सांगितला. बाकीची चोवीस मण कुठे गेली? तुम्ही म्हणता, दोनशे लिहिले, दोनशे दिले, पैचा फरक असेल तर दाखव. आणि मग मी ते बोलते. मी म्हणते, तुम्ही मिरचीला घट धरता तशी रुपयालाही धरा. ओल्या वजनाचा हिशोब वाळल्यावर करू नका.

तुम्ही तक्क्यावरून पाठ उचलता. मला वाटतं, कळलं यांना. त्या पेढीवर ते कळण्यासारखा माणूस एकच होता आणि तो तुम्ही होतात. मग तुमच्या ओठाचा कोपरा हलतो. "रुपया काय वला ऱ्हास का?"

हसले सगळे. सुरतेच्या व्यापाऱ्यांना अहिराणी धड येत नव्हती, भाऊनं त्यांना समजावून सांगितलं की रुपया कधी ओला असतो का, मग ते हसले. म्हणजे एकदा नाही, दोनदा हसले. भाऊ सर्वांत जास्त वेळ हसला. मी दोनशे रुपये पदरात बांधले आणि निघाले. तुम्ही माझ्या तोंडाला पानं पुसलीत, आणि तेही हिशोब चोख ठेवून, कुणी बोट दाखवू नये असं. चोरी केली असतीत तर मी तुम्हाला चोर तरी म्हणू शकले असते!

त्या दिवशी मी डूख धरला. त्या पैशांची त्याच दिवशी मिरची घेतली, एक रुपया रात्रीपुरता घरात ठेवला नाही. सोळा मण, म्हणजे निम्म्याहून जास्त पथारी रिकामी. पडीक जागेचा अर्धाच तुकडा भाड्यानं घेतला. आणि चोपडी घातली तेव्हा तुम्ही शिकवलेल्या रकान्यांच्या पुढे आणखी एक रकाना पाडला. आला पैसा की त्या दिवशीच्या भावानं त्याची किती मिरची, ते त्या रकान्यात. वर्षाच्या शेवटी मी रुपयांची बेरीज बघतच नाही. मण वाढले तर नफा, मण घटले तर तोटा, मग रुपये कितीही दिसोत. एका वर्षी माझ्याकडे रुपये वाढले होते आणि मण तेवढेच होते. मी त्या वर्षी नवं लुगडंसुद्धा घेतलं नाही. बाजारात म्हणायचे, कंजूस बाई आहे. मी मनात म्हणायचे, थांबा जरा.

आणि फार थांबावं लागलं नाही. दोन हंगामांनी तुमच्या पथारीवर मधेमधे जमीन दिसायला लागली. नफा विटांत गेला होता, जेवणावळीत गेला होता, आणि माल भरायला जवळ जे होतं त्यात पूर्वीच्या निम्मा माल येत नव्हता. सुरतेचा सौदा तोंडावर आला आणि चाळीस मण कमी पडली. आकडासुद्धा तोच पडावा, काय सांगायचं! तुम्ही भाऊला पाठवलंत. मी त्याला ओट्यावरही बसवलं नाही. म्हणाले, ज्यांना पाहिजे त्यांनी यावं. तुम्ही आलात. दमणीतून उतरलात, काठी टेकत पथारीच्या कडेला उभे राहिलात, बायांनी देठ खुडायचं थांबवलं. "पोरी, चाळीस मण दे. मन्ही इज्जत जाई." मी दिली, सोळाची वाढवत आणलेली जवळजवळ सगळी. हो, लगेच दिली, एका शब्दानं टोचलं नाही. फक्त लिहिताना तुमच्यासमोर वाचून लिहिलं: नानांच्या नावे मिरची मण चाळीस. तुम्ही विचारलंत, भाव? मी म्हणाले, भाव लिहायचा नाही, मी मिरची देते आहे. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. सही केलीत मात्र.

श्रावणात तुम्ही पैसे घेऊन आलात. मिरची दिली त्या दिवसाचा भाव तेरा होता, त्याप्रमाणे पाचशेवीस रुपये फडक्यात बांधलेले. बाजार तोवर एकोणीसवर गेला होता. मी फडकं सोडलंही नाही. म्हणाले, मी मिरची दिली, मिरची द्या. हमाल उभे होते, बाया होत्या, शेजारच्या पथारीचा मालक मुद्दाम पाणी प्यायला आला होता. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "बेटा, बाजार चढी गया." बेटा! पेढीवर त्या दिवशी कुणाला बेटा आठवली नव्हती. मी मोठ्यानं म्हणाले, बाजाराशी मला काय करायचं, नाना? बाजार चढलाय की रुपया वाळलाय, एवढं तुम्ही सांगा. तुम्ही एवढंच म्हणा की रुपया वाळतो, आणि हे पाचशेवीस मी घेते, वरचं सगळं सोडते. देवाशपथ सोडलं असतं. सगळ्यांसमोर तेवढे दोन शब्द मला हवे होते, चाळीस मण गेली खड्ड्यात. तुम्ही काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिलात. मग वळलात आणि दमणीत जाऊन बसलात.

आठवड्यानं मिरची आली. दमणी आणि बैलजोडी विकून घेतली होती, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. तुम्ही पायी आलात, पोत्यांच्या गाडीमागून. मी एकेक पोतं तोललं, तुम्ही काट्याकडे बघत होतात, दिसत काय होतं देव जाणे. शेवटचं पोतं उतरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "वजन बरोबर शे." बस. एवढंच. मी तुमची जिरवली, नाना, भर बाजारात जिरवली, आणि मला त्याचा एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी बायांना गूळ वाटला. अजूनही ती सकाळ आठवली की बरं वाटतं. पण जे ऐकायचं होतं ते तुम्ही माझ्या हाती लागू दिलं नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी आले होते, उंबऱ्याबाहेर उभी होते, भाऊ रडत होता. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. बंद होतं ते.

म्हणून खातं चालू ठेवलं. आता या एकसष्ट रुपयांचं ऐका. माझ्या पथारीवर सातपुड्यातल्या वरच्या पाड्यांवरून बाया येतात, हंगामभर राहतात, देठ खुडतात, आणि होळीला परत जातात. वाटेत पैसे जातील म्हणून कुणी कुणी मजुरी माझ्याकडेच ठेवते. त्या ठेवीपुढे मी ज्वारीचे मण लिहिते, कारण त्यांचा पैसा ज्वारीतच जातो. एक बाई ही लढाई लागायच्या आधी तीस रुपये ठेवून गेली, बैल घ्यायचा म्हणून. मग तिचा नवरा आजारी पडला, ती काही वर्षं आलीच नाही. काल आली, खांडबाऱ्याच्या बाजारात बैल बघून आलेली. तीस रुपये मागितले. मी माझा रकाना बघितला, आजचा ज्वारीचा भाव बघितला आणि तिच्यापुढे एक्याण्णव मोजले. ती हात मागे घेते, घाबरते, एवढे का म्हणून. "इतला काब्र? मन्हं तं कमी व्हतं." मी म्हणाले, बाई, तुझे रुपये माझ्याकडे पडून पडून वाळले होते, त्याची भर घातली. तिनं माझ्याकडे बघितलं, नोटांकडे बघितलं आणि मान डोलावली. हसली नाही. पैसे कमरेला बांधले, जरा तंबाखू मागितली आणि गेली.

बाजारात बोभाटा झालाच. मला येऊन सांगतात, काय मन आहे तुमचं, कोण देतं असं आजकाल! शेजारच्या पथारीच्या मालकानं तर हात जोडले. मी चोपडीत डोकं घालते. माया-बिया काही नाही हो. त्या बाईचं नावसुद्धा मला नीट घेता येत नाही. मी प्रत्येक वेळी जास्तीचा रुपया मोजते तो तुमच्या नाकावर टिच्चून मोजते. सांगते की बघा, हे असं द्यायचं असतं, एवढं सोपं होतं. आणि ती भर माझ्या खर्चात मी धरत नाही, तुमच्या नावे टाकते. तिसाचे तुम्ही तीसच दिले असतेत ना? मग वरचे एकसष्ट तुमचे. अशा कितीतरी बायांच्या, हमालांच्या ठेवींची घट तुमच्या डोक्यावर चढली आहे. या लढाईनं तर तुमचं खातं फारच फुगवलंय.

भाऊचा मुलगा हल्ली माझ्याकडेच चोपडी लिहितो. पोरगा हुशार आहे, इंग्रजी चार इयत्ता शिकलाय, तुमचं नाक घेऊन आलाय. सकाळी एकसष्ट रुपये लिहायला सांगितले तर टाक खाली ठेवून म्हणतो, "फुई, मरेल मानूसनं खातं कोनी ठेवस का?" वसूल होणार नाही ते बुडीत म्हणून काढून टाकायचं आणि खातं बंद करायचं, अशी रीत आहे म्हणे. मला रीत शिकवतो! मी म्हणाले, तुझ्या आजानंच मला शिकवलं आहे, तू लिही. तो लिहीत नव्हता. मग चोपडी ओढून मीच लिहिलं आणि त्याला चहा आणायला पिटाळलं.

त्याचं चूक नाही, नाना. त्या खात्यातून काही यायचं नाही हे मलाही कळतं. एवढी म्हातारी झाले, बुडीत रक्कम ओळखता येत नाही असं नाही. तुमच्यावरचा राग गेला म्हणून खातं बंद करावं, तर तो गेलेला नाही, उलट या महागाईनं ताजा झालाय. हा कागद मी कुठे टाकणार नाही, टाकायचं ठिकाणच नाही, बाया परत यायला लागल्यात, आता चुलीत घालीन. पण पोराला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. घरात आता तुमच्याबद्दल कुणी बोलत नाही. भाऊ गेला, वहिनीला काही आठवत नाही, पोरानं तुम्हाला पाहिलेलंच नाही. खातं बंद केलं, तर नाना हा शब्द लिहायला मला दुसरी जागाच नाही.